एक्क्याऐंशीची बाटली

‘वाइन जेवढी जुनी तेवढी भारी’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. सिनेमात ऐकतो, नाहीतर पन्नाशी ओलांडलेले एखादे काका स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःबद्दलच म्हणतात. काकांचं जाऊ द्या, पण वाइनपुरतं बोलायचं तर हे वाक्य साफ चुकीचं आहे. जगात बनणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच बनते. ती वीस वर्षं कपाटात ठेवली तर भारी वगैरे होत नाही. मरते. आधी फळाचा वास जातो, मग रंग उतरतो आणि शेवटी उरतं ते आंबूस, तपकिरी पाणी.

मग चाळीस-पन्नास वर्षांच्या बाटल्यांचं एवढं कौतुक कशाला? तर काही मोजक्या वाइन मुरतात म्हणून. आजीच्या फडताळातली काळी पडलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी आठवा. त्यातल्या फोडीचं आणि ताज्या लिंबाचं नातं आता फक्त नावापुरतं असतं. आंबटपणा असतो, पण तो टोचत नाही. मात्र मीठ कमी पडलं किंवा कुणी ओला चमचा घातला की बरणी गेलीच. वाइनचंही तेच. फरक एवढाच, की बरणी उघडून अधूनमधून बघता येते, बाटली नाही. बूच निघेपर्यंत आत काय झालंय हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.

ही गोष्ट अशाच एका बाटलीची आहे. ‘विन्या तोंदोनिया ग्रान रेसेर्वा, १९८१’. स्पेनच्या उत्तरेकडच्या रिओहा प्रांतातली रेड वाइन. (कायद्याने ठरवलेलं वय झालं नसेल तर फक्त वाचा. वाचायला परमिट लागत नाही.)

१९८१ म्हणजे कधी, तर त्या फेब्रुवारीत स्पेनच्या संसदेत बंदुका घेतलेले सिव्हिल गार्ड घुसले होते आणि नव्याने आलेली लोकशाही उलथवायचा प्रयत्न एका रात्रीत फसला होता. हुकूमशहा फ्रँकोला जाऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पिकासोचं ‘गेर्निका’ हे चित्र न्यूयॉर्कहून पहिल्यांदा स्पेनच्या भूमीवर आलं. आपल्याकडे त्याच वर्षी पुण्यात सात जणांनी इन्फोसिस नावाची छोटीशी कंपनी काढली होती. आणि त्या शरद ऋतूत एब्रो नदीच्या काठावर या बाटलीतली द्राक्षं तोडली जात होती.

गावाचं नाव आरो. स्पॅनिशमध्ये ते ‘एच’पासून लिहितात, पण तो ‘एच’ कुणी उच्चारत नाही. लहानसं गाव, पण रेल्वे स्टेशनच्या आजूबाजूला शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या वाइनरी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्या भागाचं नावच ‘स्टेशन मोहल्ला’. वाइनरी शेतात असायला हव्यात, स्टेशनजवळ कशाला? तर त्यामागे एक किडा आहे.

फिलॉक्सेरा नावाची, मावा जातीची ही कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि १८६० च्या दशकापासून तिने फ्रान्सच्या द्राक्षवेली मुळांपासून खायला सुरुवात केली. फ्रेंच व्यापाऱ्यांना वाइन तर हवी होती. डोंगरापलीकडे रिओहा होतं, आणि आरोला नुकतीच रेल्वे आली होती. व्यापारी आले, पैसा आला, आणि त्यांच्यासोबत ओक लाकडाच्या पिंपांत वाइन मुरवायची बोर्दोची पद्धतही आली. गाव असं मालामाल झालं की १८९० मध्ये तिथे रस्त्यावर विजेचे दिवे लागले. स्पेनमध्ये हे भाग्य लाभलेल्या अगदी पहिल्या काही गावांत आरोचं नाव घेतात. मग विसावं शतक उजाडता उजाडता तोच किडा रिओहातही पोचला आणि फ्रान्समध्ये झालं तेच इथे झालं.

यावरचा इलाज नाशिक-सांगलीच्या कुठल्याही बागायतदाराच्या मुलाला सांगायची गरज नाही: कलम. अमेरिकन वेलींची मुळं या किड्याला पुरून उरतात, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर आपली जात. आपल्याकडचा ‘डॉगरिज’ खुंटही मूळचा अमेरिकेचाच, फक्त आपण तो खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून लावतो. हे मला माझ्या दिंडोरीच्या मित्राने सांगितलं. त्याच्या घरी तीन पिढ्यांची द्राक्षबाग आहे, आणि तो स्पेनमध्ये हॉटेल मॅनेजमेंटचं पुढचं शिक्षण घेतोय. बाटलीची आयडिया त्याचीच.

तर तोंदोनिया. राफाएल लोपेस दे एरेदिया या माणसाने १८७७ मध्ये आरोमध्ये वाइनरी काढली, आणि किड्याने सगळं साफ केल्यानंतर १९१३-१४ मध्ये एब्रोच्या वळणावर शंभर हेक्टरहून मोठा मळा नव्याने लावला. त्या मळ्याचं नाव विन्या तोंदोनिया. आज घराण्याची चौथी पिढी, मारिया होसे आणि त्यांची भावंडं, ती वाइनरी चालवते. वाइनरीच्या आवारात एक टुमदार मनोरा आहे, त्याला बास्क भाषेत ‘चोरीतोकी’ म्हणतात. घाबरू नका, अर्थ आहे ‘पक्ष्यांचं घर’. आणि फाटकाशीच झाहा हदीद या जगप्रसिद्ध आर्किटेक्टने केलेलं चकचकीत दालन आहे, वाइन ओतायच्या काचेच्या सुरईसारखं दिसणारं. आर्किटेक्चरवाल्यांनी त्याचे फोटो जरूर बघावेत. बाकीच्यांनी तळघराचे.

तळघर म्हणजे खडकात खोदलेले बोगदे. पिंपांवर, बाटल्यांवर, छतावर जाळीच जाळी. कुणी झाडत नाही. कोळी बुचं पोखरणारे किडे खातात, म्हणून त्यांना नोकरीवर ठेवल्यासारखं सांभाळलंय. जुन्या बाटल्या जिथे रचलेल्या असतात त्या जागेला हे लोक ‘स्मशान’ म्हणतात. नाव जरा भीतीदायक आहे, पण ओलसर, थंड आणि काळोखी अशी बाटलीला हवी असते ती सगळी परिस्थिती तिथे आहे.

आता रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा ही भानगड. रिओहात हे शब्द नुसते शोभेचे नाहीत, त्यांना नियम आहेत. ‘ग्रान रेसेर्वा’ लिहायचं असेल तर वाइन किमान पाच वर्षं मुरवावी लागते, त्यातली किमान दोन ओकच्या पिंपात आणि दोन बाटलीत. बहुतेक जण हा नियम पाळून मोकळे होतात. तोंदोनियावाले दहाएक वर्षं निव्वळ पिंपातच ठेवतात. २२५ लिटरची पिंपं, अमेरिकन ओकची, आणि तीही यांच्याच आवारातल्या सुतारशाळेत बनलेली. वर्षातून दोनदा प्रत्येक पिंप हाताने रिकामं करायचं, तळाचा गाळ काढायचा, पिंप धुवायचं, वाइन पुन्हा भरायची. बारीक कण खाली बसवायला ताज्या अंड्यांचा पांढरा बलक वापरायचा. मग न गाळता बाटलीत. पुन्हा काही वर्षं स्मशान. मग दुकान.

एखाद्या कॉमर्सच्या विद्यार्थ्याला विचारा, हे काय आहे? तो म्हणेल, वेडेपणा. दहा-पंधरा-वीस वर्षं माल गोदामात, म्हणजे भांडवल अडकलेलं. त्यात १९९० च्या दशकात जगाची आवड बदलली. गडद जांभळ्या, जाड, फळांच्या जॅमसारख्या, नव्या फ्रेंच ओकच्या वासाच्या वाइनना मोठे मार्क मिळायला लागले. रिओहातही तशा नव्या स्टाइलची लाट आली. तोंदोनियाच्या फिकट, आंबटसर, म्हाताऱ्या वाइन तेव्हा एकदम आउटडेटेड वाटायच्या. घराण्याने काही बदललं नाही. आज तोच माल मिळवायला लोक रांगा लावतात. यात दूरदृष्टी किती आणि हट्ट किती, मला सांगता येणार नाही. माझा अंदाज, हट्ट जास्त.

आम्ही बाटली उघडली ती आरोत नाही, लोग्रोन्यो या रिओहाच्या राजधानीत, एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये. दुपारी तीनला, म्हणजे स्पॅनिश हिशेबाने जेवणाच्या वेळेला. आम्ही सहा जण. बिल सहांत वाटायचं आधीच ठरलं होतं. आकडा सांगत नाही, पण एकेकाच्या वाट्याला जे आलं त्यात पुण्यात महिन्याची मेस आरामात निघाली असती. आणि पाऊण लिटरचे सहा वाटे म्हणजे माणशी जेमतेम एक कप. तेही वाइन जिवंत असली तर! आत व्हिनेगर निघालं तर काय, असं मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, ‘मग व्हिनेगर पिऊ. पैसे तर देणारच.’

बाटली आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती, गाळ तळाशी बसावा म्हणून. वाढणाऱ्या बाई पन्नाशीच्या, फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी वरचं सील काढलं तर बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी. आमचे चेहरे बघून त्यांनी ओल्या फडक्याने ती पुसली आणि मान हलवली, होतं असं. मग साधा स्क्रू बाजूला ठेवून दोन पात्यांचा एक चिमटा घेतला. जुनं बूच स्क्रूने भुसभुशीत होऊन तुटतं, म्हणून ही पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवायची आणि गोल फिरवत फिरवत ओढायचं. दोन मिनिटं लागली. टेबलावर कुणीही बोलत नव्हतं. बूच आलं, पण तळाचा एक तुकडा आतच राहिला. तोही मग चिमट्याच्या टोकाने निघाला.

त्यांनी स्वतःच्या ग्लासात घोटभर ओतली, वास घेतला आणि थांबल्या. इथे दोन धोके असतात. एक व्हिनेगर. दुसरा बुचाचा: बुचात तयार होणारं टीसीए नावाचं एक संयुग वाइनमध्ये उतरलं तर तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. विष नसतं, पण वाइन गेली. त्यावर उपाय नाही, ती नवी असो की चाळीस वर्षांची. बाईंनी पुन्हा वास घेतला आणि फक्त ‘बिएन’ म्हणाल्या. ठीक आहे.

मग मेणबत्ती पेटवली. रोमँटिक वगैरे काही नाही, बाटलीच्या मानेखाली उजेड धरायचा आणि सावकाश सुरईत ओतत राहायचं. गाळाची पहिली काळी रेघ मानेत दिसली की थांबायचं. हा गाळ म्हणजे वाइनचा गेलेला रंग. तरुण वाइनचा लाल-जांभळा रंग आणि तिचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि तळाला बसतात. म्हणून जुनी वाइन एकाच वेळी फिकी आणि मऊ होते.

ग्लासात आलेली गोष्ट लाल नव्हतीच. मध्ये विटेचा रंग आणि कडेला कोऱ्या चहाचा. वास घेतला तर ओलं गोणपाट आणि बरेच दिवस बंद असलेली खोली. मला वाटलं, संपलं. बाईंनी घड्याळावर बोट ठेवून दहा मिनिटं थांबायची खूण केली.

इथे एक कबुली द्यायला हवी, सगळ्या वाइनवाल्यांच्या वतीने. वाइनच्या वासांची जी भाषा आहे ती आपली नाही. ब्लॅकबेरी, सीडार, फॉरेस्ट फ्लोअर. साताऱ्याच्या पोराने यातलं काय हुंगलेलं असतं? त्यामुळे पहिल्यांदा टेस्टिंगला गेलेला आपला माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर शेजारचा म्हणेल त्याला ‘हो हो, ब्लॅकबेरी’ म्हणतो. आम्ही ठरवलं, जे आठवेल ते आपल्या शब्दांत बोलायचं. दहा मिनिटांनी पहिला वास आला तो सुक्या खोबऱ्याचा. अगदी स्पष्ट. आणि ही नुसती कल्पना नाही. अमेरिकन ओकमध्ये खोबऱ्यासारखा वास देणारी द्रव्यं असतात, ती पिंपातून वाइनमध्ये उतरतात. म्हणजे चार दशकांपूर्वीचं लाकूड अजून बोलत होतं. मग आमसूल. मग खारीक. मित्र म्हणाला, आजोबांच्या चंचीतली तंबाखू. शेवटी पावसाळ्याच्या अखेरीस झाडाखाली कुजलेल्या पानांचा वास, जो ऐकायला वाईट वाटतो पण ग्लासात चांगला वाटतो.

पहिला घोट मात्र धक्का होता. वास सगळे म्हातारे, आणि चव एकदम जागी. आंबटपणा तसाच्या तसा होता, धारदार, जिभेच्या दोन्ही कडांना पाणी आणणारा. तुरटपणा होता, पण जांभूळ खाऊन वर पाणी प्यायल्यावर जिभेवर जेवढा उरतो तेवढाच. गोडवा नाही. जोरही नाही. कोल्ड्रिंकवर वाढलेल्या जिभेला ही वाइन आवडेलच असं नाही. आमच्यातली एक मुलगी स्पष्ट म्हणाली, ‘मला हे चिंचेचं कोमट पाणी वाटतंय, सॉरी.’ तिचं काही चुकत नव्हतं. तिने आपला उरलेला वाटा आम्हा पाच जणांत वाटला, त्यामुळे तिच्यावर कुणी रागावलंही नाही.

मित्र त्या आंबटपणावरच अडकला होता. ‘आमच्याकडे पहिला प्रश्न काय, तर शुगर किती आली? शुगर आली की तोडा. इथे आंबट जपलंय, म्हणून ही टिकलीय.’ त्याचं म्हणणं बरोबर आहे. खायच्या द्राक्षाला गोडी लागते. वाइनला दीर्घायुष्य मिळतं ते आम्लामुळे आणि टॅनिनमुळे. रिओहाच्या उंचावरच्या थंड रात्री द्राक्षातलं आम्ल टिकवतात. शिवाय या बाटलीत एकच द्राक्ष नाही. मुख्य तेम्प्रानियो, साधारण तीन चतुर्थांश, आणि बाकी गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो. तेम्प्रानियो हे नाव ‘लवकर’ या अर्थाच्या शब्दावरून आलंय, लवकर पिकतं म्हणून. त्याला आम्ल कमी पडतं, ते ग्रासियानो आणि मासुएलो भरून काढतात. तेम्प्रानियो आता नाशिक भागातही लावलंय आणि त्याची वाइनही निघते. पण तिथे तोडणी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, त्यामुळे सगळं गणितच वेगळं.

पाऊण तासाने वाइन सगळ्यात चांगली होती. खोबरं मागे गेलं, आमसूल पुढे आलं, आणि कुठूनतरी चक्क फुलांचा वास यायला लागला. मला खरं सांगायचं तर तेव्हा पटलं की पैसे वाया गेलेले नाहीत. त्यानंतर ती उतरायला लागली. बुचातून झिरपणारी नखभर हवा चाळीसहून जास्त वर्षं सोसलेली वाइन मोकळ्या हवेत दीड तासही टिकली नाही. आधी फुलं गेली, मग खारीक, शेवटच्या घोटात लोखंडाच्या तव्यासारखं काहीतरी खारट उरलं होतं. ज्यांनी आपला वाटा पुरवून पुरवून प्यायचं ठरवलं होतं ते फसले.

मित्राने बाटलीच्या तळाचा गाळ पेपर नॅपकिनवर ओतला आणि बोटाने पसरला. मऊ, चिकट, जांभळट काळा. मग दिंडोरीला व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळ झाली होती. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. त्याने आधी नॅपकिन दाखवला, मग बाटली, मग लेबलवरचं साल.

‘अण्णा, एक्क्याऐंशीची आहे. दहा वर्षं पिंपातच ठेवतात. पुढे बाटलीत अजून काही वर्षं. मग विकायला काढतात.’

अण्णांनी चष्मा लावून बाटली नीट बघितली. त्यांच्याकडे माल तोडला की आठ-पंधरा दिवसांत पैसे हातात यावे लागतात, आणि व्यापारी गाडी भरून गेला की परत दिसेल याची खात्री नसते.

‘मंग त्या शेतकऱ्याला पैसे कधी भेटले?’

‘मळा वाइनरीचाच आहे, अण्णा. घरचाच.’

‘हां. मंग पोरांना भेटले असतील,’ अण्णा म्हणाले, आणि विचारलं की तिकडे पाऊस आहे का.